वाळवीने खाल्लेलं क्रियापद

डिचोलीच्या कोर्टात मी शपथेवरचा दुभाषी.
पोर्तुगीज गेले, त्यांचे कागद मागे राहिले
आणि ते वाचणारे आम्ही चार-पाच जण,
पानामागे साडेतीन रुपये.

हा कागद शाबा सावळचा, सन अठ्ठावन्न.
पोफळीच्या विरीत गुंडाळून ठेवलेला,
म्हणून एका अंगाने तांबूस,
मधोमध वाळवीची बोटभर वाट.
लिहिलंय:
नार्व्याचं कुळागर, झऱ्यापासून खालच्या बांधापर्यंत,
दोनशे अकरा पोफळी, सहा फणस,
मी माझी बायको गुलाब हिला —
आणि इथे क्रियापद असायला हवं होतं.

उरलंय फक्त पहिलं अक्षर. द.
त्या भाषेत ‘देतो’ द-नेच सुरू होतं,
‘देईन’सुद्धा.
आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे?
देतो म्हणजे दान.
देईन म्हणजे नुसता शब्द,
आणि मेलेल्याचा शब्द पुतण्याला बांधत नाही.

पुतण्या उल्हास, स्कूटर नवी.
त्याचा वकील म्हणाला, नोटरीचा शिक्का कुठाय?
शिवाय ही गुलाब कोण?
विधवेचं नाव द्वारका. लग्नाच्या नोंदीत द्वारका,
रेशनकार्डावर द्वारका.
गुलाब दुसरीच कुणी असेल, साहेब.
कोर्टात थोडं हसू झालं.

तिचा वकील म्हणाला, अर्धं तसंही तिचंच,
गोव्यात लग्न लागलं की अर्धं बायकोचं;
भांडण उरलेल्या अर्ध्याचं.
म्हणजे झरा कुणाचा, एवढंच.

मधल्या सुटीत ती व्हरांड्यात आली.
हातात अर्धा खाल्लेला उंडो.
निकालाचं विचारलं नाही.
म्हणाली, “म्हजें नांव आसा मरे तातूंत?”
म्हटलं, आहे. गुलाब असं आहे.

ती बाकावर टेकली. उंडो तसाच.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
तें आवयन दवरिल्लें.
लग्नात तांदळावर अंगठीने द्वारका लिहिलं त्याने,
पण हाक कधी त्याही नावाने नाही.
‘अगे’. ‘आयकलें?’
एकतीस वर्षं.
जुनं नाव त्याला ठाऊक आहे,
हेच मला ठाऊक नव्हतं.

पदराने बाक पुसला, जणू तिनेच मळवला होता,
आणि आत गेली.

दुपारी न्यायाधीशांनी विचारलं,
दुभाषी, तुमच्या मते कोणतं? देतो, की देईन?

अख्ख्या तालुक्यात मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं.
उल्हास घड्याळाला चावी देत होता.
ती माझ्याकडे बघतही नव्हती,
ओठ हलत होते, काहीतरी म्हणून बघत असावी.

मी सांगितलं: द. पुढे वाळवी.

निकाल चवथीनंतर लागायचा होता,
तोवर माझी काणकोणला बदली झाली.

त्या दिवशी मात्र टंकलेखकाने मान वर न करता विचारलं,
जागा किती सोडू?
म्हटलं, बोटभर.