डावा कोपरा

मार्चमध्ये हरलो आपण, दोन गुणांनी.
शेवटचे अकरा सेकंद चेंडू तुझ्याकडे होता
आणि डाव्या कोपऱ्यात ऑस्ते एकटी, हात वर करून,
शाळा सुटल्यावर कुणी न्यायला आलं नाही
अशा पोरीसारखी उभी.
तू पाहिलंच नाहीस.
पानेवेझिसपासून झारासायपर्यंत बसमध्ये
फक्त वायपर बोलत होते.

जूनमध्ये तुला शाळेमागच्या काँक्रीटवर बोलावलं.
रिंगला जाळी नाही,
विजेच्या खांबावर करकोच्यांचा संसार.
तू विचारलंस, शॉट किती मारायचे? पाचशे?
म्हटलं, एकही नाही. चेंडू डाव्या हातात घे.

सोप्या कामाला म्हणतात डाव्या हाताचा मळ.
तुझ्या डाव्या हाताला, स्मिल्ते,
मळ लागलाच नव्हता कधी.
सगळी कामं उजव्यानं ओढून घेतलेली
आणि हा आपला खिशात, पाहुण्यासारखा.

म्हणून दात डाव्यानं घास.
बीटाचं गार सूप डाव्यानं पी.
रानात ब्लूबेरी वेचायला गेलीस
तर बादली उजव्यात धर, बोटं डावी निळी होऊ देत.
तुझ्या पांढऱ्या टीशर्टवरचे गुलाबी डाग
मी गुपचूप मोजत होते.
जुलै सरता सरता ते दिसेनासे झाले.

मग दोन चेंडू, दोन हात, आणि मान वर.
खाली काय बघतेस, जमीन कुठे पळून जात नाही.
मी बोटं दाखवते, किती ते सांग.
तीन.
मोठ्यानं.
तीन.
करकोच्यानं मानसुद्धा वळवली नाही, बघ.

मला माहीत होतं हे कुठून येतं.
आई नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात,
रविवारी फोनमध्ये दहा मिनिटं.
बाप जे काही बोलतो ते ट्रॅक्टरशी.
अशा घरात आवाज म्हणजे वरच्या फळीवरचं भांडं,
पाहुणे आले तरच निघतं.

पण पुढच्या हंगामात चेंडू तू आणणार आहेस.
चौघींना तू सांगणार, कुणी कुठे जायचं.
हे ऐकून तू बुटाची नाडी उगाच सोडलीस, पुन्हा बांधलीस,
आणि म्हणालीस, म्हणजे मी बास्केट करायचीच नाही?
माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.
म्हटलं, करायची. आधी सगळं पाहून घ्यायचं, मग.
(बावीस वर्षांची होते, गुडघा शाबूत होता,
तेव्हा मला कुणी
जाऊ दे.)

संध्याकाळी तळ्याच्या धक्क्यावर.
दहा वाजले तरी उजेड जायचं नाव घेत नाही.
पाण्यापलीकडे नावं फेकायची: ऑस्ते! रुस्ने! मिग्ले!
पहिला आठवडा ती धक्क्याखालीच बुडत राहिली.
दुसऱ्यात कधीतरी पलीकडचा गळ टाकून बसलेला म्हातारा
ओरडला, काय गं?
त्या दिवशी आइस्क्रीम माझ्याकडून.

शॉटही मारलेस नंतर. ते तुला येतातच.
त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ऑगस्टची एकोणतीस. घरटं रिकामं.
तिघी विरुद्ध तिघी, एक कमी पडली म्हणून मी उतरले.
तू चेंडू आणत होतीस, डाव्यानं,
त्याच्याकडे न बघता,
जसं कुणी धाकट्याचं बोट धरून गप्पा मारत चालतं.
आणि तू ओरडलीस:
दांगुओले!
कोच नाही, बाई नाही.
दांगुओले, डावा कोपरा!

मी एकेचाळीस वर्षांची, गुडघ्यात दोन स्क्रू,
गेले पळत.
चेंडू माझ्या आधी पोचला होता तिथे,
छातीच्या उंचीवर, शिवण बोटाखाली येईल असा.
मारला. रिंगच्या कडेला आपटून
गवतात गेला.

तू हसली नाहीस.
पुन्हा, म्हणालीस,
आणि या वेळी जरा लवकर निघ.