चोवीस नंबरचा पाना

मेहिकालीत ऑगस्ट म्हणजे
सकाळी आठलाच लोखंड हातात धरवत नाही.
बाबा पाने बादलीत बुडवून ठेवतात.
बादलीतलं पाणीही आताशा कोमटच.

आज दोन्या कासिल्दाची निळी जेटा आलीय.
दुपारच्या पाळीसाठी दहालाच ती सीमेच्या रांगेत लागते,
पलीकडे एका हॉटेलच्या चादरी धुते.
रांग अडीच तासांची.
काच खाली घेतली तर भट्टी,
वर घेतली तर भट्टीचं झाकण.
तीन गॅरेजांनी तीनदा गॅस भरून पाहिला,
तिन्ही वेळा पैसे मात्र नीट मोजून घेतले.

मी गेज लावते. काटा एकशे सत्तरवर.
गॅस आहे की, पोटभर आहे.
स्कॅनर लावते. तो म्हणतो : शून्य.
सेन्सर सांगतो, माझ्याकडे दाब-बिब काही नाही,
आणि गाडी बिचारी त्याचंच ऐकते,
कॉम्प्रेसरला हलूच देत नाही.

"काढ सेन्सर," बाबा म्हणतात,
"गॅस जायचा नाही, खाली झडप आहे."
मी त्यांच्या अंगठ्याकडे बघते.
तिथे पांढरा डाग आहे, चिंचोक्याएवढा.
झडप नसलेल्या एका जुन्या ट्रकचा.
ह्या अख्ख्या गावात
थंडीने भाजलेला हा एकच माणूस.

"ह्यात आहे," ते पुन्हा म्हणतात. "नेलिदा, काढ."

पंख्यामागे, दोन नळ्यांच्या बेचक्यात,
जिथे फक्त माझंच मनगट शिरतं
(पूर्वी त्यांचं शिरायचं, कसं कोण जाणे)
तिथे बसलाय तो.
तीन तारांची क्लिप दाबून सोडवते.
चोवीसचा पाना.
बाबा बॅटरी धरतात.
उजेड हलतो.
"जरा डावीकडे धरा," मी म्हणते.
डावीकडेही हलतो.

सावलीतल्या खुर्चीवरून दोन्या कासिल्दा विचारते,
"हात कसा आहे, एउलालियो?"
"काही नाही," बाबा म्हणतात. "हाताला काय झालंय?"

मी पाना ओढते.
पहिला आटा हटत नाही, दुसऱ्या झटक्याला
फुस्स
एवढंच. मांजर शिंकल्यासारखं.
मग झडप मिटते आणि मी श्वास सोडते,
इतका वेळ धरला होता हे तेव्हा कळतं.

तळहातावर सेन्सर. भोवऱ्याएवढा, तेलकट,
खोटं बोलणाऱ्यासारखा अजिबात दिसत नाही.

नव्याला नवी रिंग, रिंगला बोटभर तेल.
"आधी हाताने," बाबा सांगतात,
जणू मी नऊ वर्षांचीच आहे,
"आटे आपणहून बसले की मग पाना,
आणि जोर नको. ते ॲल्युमिनियम आहे, रडतं."
मी हाताने फिरवते. बसतं.
क्लिप लावते. किल्ली फिरवते.

आधी नुसतं इंजिन.
मग, आपण विसरून गेल्यावर,
टक.

दोन्या कासिल्दा आत बसते,
जाळीला तोंड लावते, डोळे मिटते
आणि बराच वेळ काही बोलत नाही.
मग अर्धे डॉलर, अर्धे पेसो,
वर खजुरांची एक पिशवी.
"रांगेत खायला आणले होते," म्हणते,
"आज भूक लागेलसं वाटत नाही."

"थांब जरा, नळी गार झालीय का बघतो,"
म्हणत बाबा बॉनेटखाली वाकतात, नळीवर हात ठेवतात.
नळी केव्हाच गार झालीय,
थेंब धरून टपकायलाही लागलीय.
हात तिथेच.
इंजिन चालू आहे म्हणून नळीही थरथरते,
आणि आता हात नळीला हलवतोय
की नळी हाताला,
हे बघणाऱ्याला सांगता येऊ नये.

दोन्या घड्याळ बघते. रांग वाढत असेल.
मी किल्लीला हात लावत नाही.