दुभाषी

नियम असा : दुभाष्यानं 'मी'च म्हणायचं,
ज्याचा आवाज, त्याचा 'मी'.

याकिमाहून फोन. नर्स वॅलेरी ओस्टगार्ड,
एका ट्रेलरच्या पायरीशी, मास्क लावून.
"मी काउंटीचा आदेश वाचून दाखवते," मी म्हणाले.
"थुंकी स्वच्छ येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.
गोळ्या रोज माझ्या डोळ्यांदेखत गिळायच्या.
मान्य नसेल तर न्यायाधीशापुढे जाता येईल,
वकील फुकट मिळेल."

'विलगीकरण' माझ्या माम भाषेत नीट बसेना.
मी म्हटलं, एकटं बसणं.

मग युसेबिओचा खोकला.
त्याचं भाषांतर करायचं नसतं.
"सफरचंदांची तोडणी चालू आहे," मी म्हणाले,
"मी एकटा बसलो तर भाडं कोण भरेल?"
"काउंटी. अर्ज आणलाय मी," हेही मीच.
"माझे कागद मागाल?"
"नाही. ते माझं काम नाही."

बराच वेळ कुणीच 'मी' नव्हतं.
पायरी करकरली.
नर्स खाली बसली असावी,
आदेशात तसं काही नव्हतं.

"समजलं का?" मी विचारलं.
"समजलं," मी म्हणाले.

फोन ठेवला. एकोणीस मिनिटं.
घसा खाकरला.
हा माझा.