उत्तरपत्रिकांच्या पाठीवर

सुलाफा,
ओमदुरमानात कोरा कागद आता मिळत नाही,
म्हणून आठवीच्या भूगोलाच्या पेपरांमागे लिहितेय.
एप्रिलचे पेपर. तपासायचेच राहिले.
शाई लाल आहे, दचकू नकोस,
मास्तरणीच्या घरात दुसरी कुठली सापडणार?

तुला मिळतो तो निरोप वेगळा.
तो चौकातल्या पोराच्या तबकडीवरून जातो,
मिनिटांचे पैसे मोजून,
मागच्या माणसाचा श्वास मानेवर घेत:
'आम्ही ठीक. पीठ आहे. तू जेवलीस का?'
हे पत्र त्यातलं नव्हे.
पोर्ट सुदानला जाणारा एखादा ट्रकवाला भेटला,
आणि त्याला एवढे कागद जड वाटले नाहीत,
तर पोचेल.

पीठ खरंच आहे.
त्यात ज्वारी किती आणि किडे किती, ते सोड.

हाज बुश्रा गेले.
गोळीनं नाही, साखरेनं.
वीज जाऊन अकरा दिवस झाले होते,
इन्सुलिन माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवलं होतं,
तरी ते कामातून गेलं.
तू औषधं शिकलीस, तुला कळेल.
तू इथे असतीस तर
(पुढची ओळ खोडली आहे.
उजेडाकडे धरून वाचायची नाही.)

कब्रस्तानाच्या वाटेवर बंदूकवाले.
त्यांच्याच अंगणात ठेवलं त्यांना,
त्या बोरीखाली,
जिच्यासाठी तू भिंतीवरून उड्या मारायचीस.
खड्डा मी आणि अवाद टेलरनं खणला.
कुदळ मला चालवता येते
हे एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तू म्हणतेस, निघ, कैरो गाठ.
अगं, निघायचं म्हणजे आधी दाराला कुलूप लावायचं,
आणि कुलूप लावायला आधी दार लागतं.
थट्टा करतेय.
दार आहे. थोडं आहे.

परवा रात्र सरेना
म्हणून एक गठ्ठा तपासायला घेतला.
प्रश्न पाचवा: घरापासून नदीपर्यंतचा नकाशा काढा.
मुहन्नदचा आठवतो? पान्याएवढे कान असलेला, मागच्या बाकावरचा.
त्यानं काढलंय सगळं:
बेकरी, तिच्या दाराशी झोपलेली शेळी,
न्हावी, पाण्याची उंच टाकी,
फुलांच्या पडद्याचं आपलं घरसुद्धा, 'बाईंचं' असं लिहून.
उत्तर दिशा मात्र चुकलीय.
सवयीनं दोन गुण कापायला पेन टेकवलं,
आणि तसंच धरून बसले.
शाईचा मोठा ठिपका पडला नदीवर.
त्या नकाशावर आता कुणाला
बेकरीपर्यंतही जाता येणार नाही.
दहापैकी दहा दिले.
मुहन्नद कुठे आहे, कुणाला माहीत नाही.
त्या पानामागे मी काही लिहिलेलं नाही.
ते तुला पाठवणारही नाही.

तिकडचं तू सांगतेस, बर्फाचं, रात्रपाळीचं,
कुणाकुणाच्या म्हाताऱ्या आयांना आंघोळ घालतेस त्याचं.
पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघत जा.
केस धुताना घाई करू नकोस.
विनिपेग भिंतीवरच्या नकाशात आहे,
मी त्याच्याभोवती गोल केला होता.
नकाशा गेला, पण भिंतीत खिळा आहे,
खिळ्याकडे बघितलं तरी तू कुठे आहेस ते कळतं.

आणखी एक. हे कुणाला बोलले नाही.
बोर यंदा नुसती लगडलीय.
कुणी हात लावत नाही.
काल संध्याकाळी भिंतीपलीकडे हात घातला
आणि एक खाल्लं.
भूक नव्हती फारशी.
गोड होतं, सुलाफा.
मग आणखी तीन खाल्ली.
बिया मुठीत धरून किती वेळ उभी होते.

वर काहीतरी घोंघावतंय. डास नव्हे.
दिवा मालवते.
हे पान रशीद आदमचं होतं,
अक्षर बरं आहे, नाईलच्या उपनद्या साफ चुकल्यात.
बाकीचं उद्या,
पुढच्या पोराच्या पाठीवर.