सात नंबरचा चॅनल

कोटाला माइक लावताना म्हटलं,
साहेब, माळ जरा आत घेता का,
रुद्राक्ष आपटतोय, टकटक येते.
भाऊसाहेब वडगणे हसले.
माळ राहू दे बाहेर, म्हणाले, माइक सरकव.
सरकवला.

जुफेरच्या हॉलमध्ये साडेआठशे खुर्च्या,
मंडळाच्या बायकांनी सकाळपासून वळलेले लाडू,
बाहेर फेब्रुवारीची धूळ,
समुद्र कुठे सुरू होतो तेच दिसत नव्हतं.

मी पहाटे चारला उठतो.
थंड पाण्याची आंघोळ. दोन तास पूजा.
ती झाल्याशिवाय फायलीला हात लावत नाही.
हे मी कधी कुणाला सांगत नाही, म्हणाले,
आणि थांबले,
टाळ्यांना जागा ठेवून.
टाळ्या आल्या. मी आवाज दोन घरं खाली घेतला.
इथल्या खुर्च्यांत बसून कुणाला मत देता येत नाही,
पण मोबाईल वर धरलेले होते,
आणि झोपायच्या आत ते चारला उठणं
तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचणार होतं.

मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू.
बाणकोटच्या खाडीवर आमचे सरपंच
उरूस आला की टोपी घालून यायचे.
अब्बा म्हणायचे, बसू दे रे,
डोक्यापेक्षा मोठी आणतो दर वर्षी,
एकदा तरी मापाची मिळेल.

मध्यंतर.
साहेब मागच्या खोलीत गेले,
बटण बंद करायचं विसरले. सगळेच विसरतात.
हॉलमधला आवाज मी तोडला होता,
कानांवर हेडफोन मात्र तसेच.

दाराची कडी.
खुर्ची ओढल्याचा आवाज.
मग, टक.
बऱ्याच वेळाने, टक.
शब्द नव्हते, नुसता ओठांतून जाणारा वारा.
मग स्वतःशीच, "चुकलं."
आणि पुन्हा पहिल्यापासून, टक.

चाळीस वर्षं सभा गाजवलेल्या गळ्यात
एवढा बारीक आवाज कुठे ठेवलेला असतो?
कशासाठी मोजत होते,
घरात कुणी आजारी, कोर्टातली एखादी तारीख,
की कशासाठीच नाही,
मला कळलं नाही.
एकदा नाक ओढलं. तेही थंडाव्यामुळे असेल.

वर्गीसने विचारलं, सातवर काय येतंय?
म्हटलं, एसी घरघरतोय.
आणि हेडफोन काढून टेबलावर उलटे ठेवले,
चाळीत कुणाच्या उघड्या दारासमोरून जाताना
माणूस मान वळवतो तसे.

दुसऱ्या भागात साहेब साडेतीनला उठले.
पूजा अडीच तासांवर गेली.
बोलताना माळ हातात धरून उंच दाखवली,
पहिल्या रांगेतल्या सोन्याच्या दुकानवाल्याने
दोन्ही हात जोडले.
मी ऐकत होतो,
आणि ऐकताना सारखं वाटत होतं
की हा माणूस आपल्याच घराबद्दल
शेजाऱ्याकडून ऐकलेलं सांगतोय.

कार्यक्रम संपल्यावर माइक परत आला.
पेटीतून बॅटरी काढली, अजून गरम होती.
लाडवांचा एक पुडा कुणीतरी आमच्या टेबलावर ठेवला.

ट्रकपाशी, रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला
मी राहिलेली नमाज पढायला उभा राहिलो.
वर्गीस नेहमीसारखा पाठ फिरवून
गुंडाळलेली केबल उलगडून पुन्हा गुंडाळू लागला.
अकरा वर्षांत यावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही,
त्याच्या शुक्रवारच्या चर्चवर तर नाहीच.

रकात दोन झाल्या की तीन?
मन त्या मागच्या खोलीत अडकलेलं.
चुकलं, मी म्हटलं,
आणि पुन्हा पहिल्यापासून हात बांधले.
पाठीमागे वर्गीस
दुसरी केबल शोधत होता.