मुठीकडून

बाहेरगावच्या उपदेशकानं
फळ्यावर रंगीत खडूंनी काळ आखला:
इथं लढाई, इथं तुतारी,
इथून पुढं हजार वर्षं शांती.
हिरवा पट्टा पार फळ्याच्या कडेपर्यंत गेला.
पुढं लाकडी चौकट, आणि मग भिंत.

मिरजेच्या आमच्या देवळात आगमनाचा दुसरा रविवार.
लांडगा कोकराशेजारी निजेल, तो सांगत होता,
आणि मी पलीकडच्या बाकाकडं बघत नव्हते.
तिथं दाविदकाकांची सुलभा बसली होती.
एकोणीस वर्षं आम्ही एकाच प्याल्यातून पीत आलोय.
ती आधी गेली की पाळकांनी काठ नीट पुसला का
तेवढंच मी बघते.

तीन गुंठे.
म्हैसाळच्या रस्त्याला, विहिरीलगत, तीन गुंठे.
त्यासाठी काकांनी ऊसतोडीचा कोयता उगारला
आणि आमच्या अप्पांची दोन बोटं
बांधावर राहिली.
अप्पांचं नाव शांतवन.
दवाखान्यात सिस्टर ते लिहिताना थबकली म्हणे,
तेव्हा अप्पा त्या कळांतही हसले.

त्यांनी फिर्याद दिली नाही.
माफही केलं नाही. हे सांगायलाच हवं,
कारण मातीच्या वेळी लोक भलतंच बोलले.
कोयता गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला,
आणि दर नाताळाच्या झाडलोटीत
आई तो खाली काढायची, पुसायची, परत वर ठेवायची.

मग एका उन्हाळ्यात, का ते कुणालाच न सांगता,
अप्पा तो घेऊन सतारमेकर गल्लीच्या मागं
दस्तगीर लोहाराकडं गेले. मी बरोबर होते.
"ह्याचा फाळ कर," म्हणाले.
दस्तगीरनं पातं नखानं वाजवलं, उन्हात धरलं.
"फाळाएवढं लोखंड न्हाई ह्यात, अप्पा.
खुरपं हुईल."
समोर भोपळे वाळत पडले होते,
आवाज अजून त्यांच्यात यायचा होता.
अप्पा बराच वेळ तिकडंच बघत राहिले.
"खुरपं तर खुरपं," म्हणाले.

संदेष्ट्याला सगळी राष्ट्रं डोंगर चढताना दिसली होती.
आमच्या वाट्याला वीतभर पोलाद.

आता दोघंही दफनभूमीत आहेत, दोन कबरी सोडून.
कुणी समेट केला म्हणून नाही,
जागाच तेवढी उरली होती.
नाताळाआधीच्या शनिवारी मी गवत काढायला गेले,
तर सुलभा आधीच आलेली,
नुसत्या हातांनी गाजरगवत उपटत होती.
कोपरापर्यंत चट्टे उठलेले.

"खुरपं हाय का?"
एकोणीस वर्षांतला पहिला प्रश्न.

हत्यार देण्याची एकच रीत असते,
लहानपणी काकांनीच शिकवलेली:
मूठ समोरच्याकडं, धार आपल्याकडं.
मी पातं मुठीत धरून दांडा पुढं केला.
तळव्याला धार लागली, तेव्हा वाटलं,
त्यानंही असंच दिलं असणार.
पातं स्वतःच्या हातात घेऊन.
म्हणून तर ते हात तसे.

पात्याच्या मानेवर 'दा' कोरलेला आहे.
दस्तगीरनं ठोकताना तो तसाच राहू दिला होता.
तिनं त्यावरून अंगठा फिरवला, दोनदा.
बोलली नाही.
बापाची कबर साफ केली,
मग अप्पांच्या पायथ्याशी येऊन थांबली.
"करू?"
मी म्हणाले, "मुळासकट काढ. नाहीतर परत येतंय."

दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता.
हिरवा खडू पुरता गेला नव्हता,
कडेला थोडा राहिला होता, चौकटीवरही.
भाकर फिरली. प्याला आला.
काठाकडं बघायचं
मी विसरले, हे मला घरी आल्यावर आठवलं.

तीन गुंठ्यांचं अजून काही ठरलेलं नाही.
तिथं बाभळ माजलीय.
खुरपं तिच्याकडंच आहे.
मी मागितलेलं नाही.