शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक नेहमी माझ्याकडं.
साहेब रीळ धरतात, आकडा वाचतात,
मी शाळेच्या फाटकाशी उकिडवा,
अंगठ्याखाली पितळी कडी दाबून.
मुखेडच्या उन्हात कडी तापते.
सोडता येत नाही.
सोडली की सगळा कायदा हातभर सरकतो.

पंच्याहत्तर मीटर पाहिजेत.
माणूस चालतो त्या वाटेनं मोजायचे,
कावळा उडतो त्या रेषेनं नाही.
पहिल्या खेपेला भरले चौऱ्याहत्तर, वर साठ सेंटीमीटर.
पेन्सलवार शेठ हसले,
"म्हंजी दीड चप्पल की हो, साहेब!"

आठ दिवसांत त्यांनी दार विटांनी बुजवलं,
नवं पाडलं मागच्या बोळात.
गिऱ्हाईक आता पिठाच्या गिरणीला वळसा घालून जातं,
येताना पांढरं होऊन येतं.
दुसरी मोजणी : एक्क्याऐंशी.
"अंतर पुरेसं."
पंचनाम्याखाली माझीही सही आहे.

तेव्हा अनुसया डोईजड आली,
शाळेत खिचडी शिजवते ती,
बोटं हळदीची.
"काय मोजायलाव?"
वाट, म्हणालो.
"मग माझ्या घरापस्तोर मोजा.
रोज रातच्याला एक माणूस मोजीत येतो तिथं,
त्याला तास लागतो."
मी टेप गुंडाळत राहिलो.
टेप गुंडाळताना खाली बघावंच लागतं.

सोमवारी शाळेच्या मागच्या भिंतीला भगदाड.
बाया रात्रभर खपल्या होत्या,
कुदळ, पहार,
एकीनं तर वरवंटा आणलेला.
हेडमास्तर म्हणाले, मला काही ठाऊक नाही,
आणि पदरच्या पैशानं लोखंडी फाटक बसवलं.
वर खडूनं लिहिलं : प्रवेशद्वार.

तिसरी मोजणी : एकोणसत्तर.
दारू लांब जावी म्हणून
शाळा बारा मीटर दारूकडं सरकली होती.
साहेबांनी नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं.
फाटक आधीचं की नंतरचं,
त्यात अवाक्षर नव्हतं.

लाखेचा वास मला आवडतो, खरं सांगायचं तर.
कुलपाला दोरा गुंडाळला,
मेणबत्तीवर लाख धरली,
थेंब पडला तो शर्टवर एक, कुलपावर तीन.
शिक्का दाबला.

नव्या फाटकातून पोरं काही येत नाहीत.
जुन्यानंच येतात, दप्तरं आपटत.
अनुसया तिथून तांदळाचं धुवण ओतते.

सातच्या सुमारास कुलपापाशी एक जण उभा,
खांद्यावर पिठाची धूळ.
त्यानं लाख नखानं जराशी खरवडून बघितली,
मग माझी खाकी बघितली, हात जोडले.
"साहेब, आता जवळचं कुठलं?"

बाऱ्हाळी रोडला.
एक हजार दोनशे दहा मीटर.
मागच्या महिन्यात मीच कडी धरली होती.

माहीत नाही, म्हणालो.
तो मान हलवून
बाऱ्हाळी रोडलाच लागला.